उकंडराव गुरुजींची विलायती इस्टेट

शेलूबाजारात विलायतेला घर असलेला माणूस एकच होता, आणि त्याने विलायत पाहिलेली नव्हती. विलायत राहू द्या, त्याने मुंबईही पाहिली नव्हती. उकंडराव अंभोरे गुरुजींचा आयुष्यातला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे छप्पन साली धम्मदीक्षेला नागपूर, आम्हा सगळ्यांबरोबर, ट्रकमध्ये उभ्याने. तिथून परत आला तो जिल्हा परिषदेच्या शाळेत चिकटला आणि पुन्हा कुठे हलला नाही.

मी भिवाजी. उकंडराव आणि मी एकाच वर्षी मॅट्रिक झालो. तो मास्तर झाला, मी पोस्टात लागलो आणि फिरत फिरत शेवटी शेलूबाजारच्याच पोस्टात येऊन बसलो. मॅट्रिकला मला इंग्रजीत छत्तीस मार्क होते, त्याला पस्तीस. त्या एका मार्काच्या जोरावर मी गावातला इंग्रजीचा अधिकारी ठरलो. पुढे जे झालं त्यात माझ्या छत्तीस मार्कांचाही हात आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

त्रेसष्ट साली उकंडरावाचं लग्न अनसिंगच्या अंजनाशी झालं. अंजना पण मॅट्रिक होती. तिला इंग्रजीत एकसष्ट मार्क होते, पण बाईच्या मार्कांची चौकशी कोण करतो? लग्नानंतर तिने नागपूरला नर्सचं शिक्षण पुरं करायचं ठरवलं. उकंडरावाने मोठ्या मनाने परवानगी दिली. घरात दोन पगार आले तर त्याच्या तत्त्वात बसत होते. सहासष्ट साली तिला विलायतेच्या एका दवाखान्याचं बोलावणं आलं. तेव्हा तिकडे नर्सांचा तुटवडा होता आणि आमच्याकडे नर्स झालेल्या हुशार मुलींना बरी नोकरी देणाऱ्यांचा. उकंडरावाने ह्यालाही परवानगी दिली. परवानगी देण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

ठरलं असं होतं की अंजनाने पुढे जायचं, जम बसवायचा आणि वर्षाने नवऱ्याला बोलवायचं. तिने वर्षाने बोलावलं. मग दोन वर्षांनी बोलावलं. मग चार वर्षांनी. तिसऱ्या खेपेला उकंडराव पासपोर्टचे फोटो काढायला अकोल्याला गेला. फोटो चांगले आले. एक त्याने चौकटीत लावला, बाकीचे नातेवाइकांना वाटले. विलायतेला जायची त्याची तयारी अकोल्यापर्यंत पोचली आणि तिथेच संपली. विचारलं की कारणं तयार असत.

"थंडी मानवत नाई मले," तो म्हणे. किंवा, "सर्व्हिस बुक कोणाच्या भरवशावर सोडू?"

न जाण्याचा एक फायदा त्याला फार लवकर कळला होता. विलायतेत गेला असता तर तो तिथे एका नर्सचा नवरा झाला असता. शेलूबाजारात मात्र तो विलायतवाल्या बाईचा नवरा होता, आणि ह्या पदाला काम काहीच नव्हतं. अंजनाकडून रेडिओ आला, मनगटी घड्याळ आलं, लोकरीचं ब्लँकेट आलं. ते ब्लँकेट तो चैतातही अंगावर घेऊन ओट्यावर बसे. घाम पुसत सांगे, विलायतची लोकर हाय, गरम होत नाई.

एकाहत्तर साली अंजनाच्या पत्रात एक फोटो आला. नॉटिंगहॅम नावाच्या शहरात तिने घर घेतलं होतं. लाल विटांचं घर, उतरतं छप्पर, मधोमध धुराडं आणि पुढे दोन दारं. डाव्या दारात अंजना उभी होती, साडीवर स्वेटर. उजव्या दारात एक म्हातारी गोरी बाई हातात दुधाची बाटली घेऊन उभी होती.

"दोन दारं काहून?" मी विचारलं.

"एक आपलं, एक पाहुण्याचं," उकंडराव म्हणाला. एका आण्याचीही शंका त्याच्या तोंडावर नव्हती.

"अन ही म्हातारी?"

"कामवाली असन."

तो फोटो त्याने मोठा करून आणला आणि समोरच्या खोलीत लावला. शेलूबाजारच्या हमरस्त्यावरून जाणाऱ्या जीपा चहासाठी थांबत, तेव्हा ओळखीच्या ड्रायव्हरलाही तो घरात बोलावून फोटो दाखवी. दोन-तीन वर्षांत त्या घराची माहिती त्याला अशी पाठ झाली की आत किती खोल्या आहेत, कोणत्या खोलीत ऊन येतं, हे सगळं तो सांगायचा. अंजनाने एकाही पत्रात हे लिहिलेलं नव्हतं. पत्रं माझ्याच पोस्टातून जात, आणि तो ती मला वाचायला देई, म्हणून मला ठाऊक.

त्र्याहत्तर साली कामरगावची कस्तुराबाई त्याच्या घरी राहायला आली. सरकारी नोकराला दुसरी बायको करता येत नाही, नोकरी जाते. म्हणून ती कागदोपत्री पाहुणी होती. ही पाहुणी चार वर्षं राहिली, स्वयंपाक करायची, शेणसडा टाकायची, गप्पांत अडकलेल्या उकंडरावाला बाजारातून हात धरून घरी आणायची. गावाने तिला पाहुणी मानलं. गाव मोठ्या मनाचं असतं, जोवर तुमच्या घरी रेडिओ आहे तोवर.

हे अंजनाला कोणी कळवलं मला माहीत नाही. कळवणाऱ्याने तिकीट माझ्याच पोस्टातून घेतलं असेल, पण मी विचारलं नाही.

सत्याहत्तरच्या नोव्हेंबरात अंजना आली. ती शेलूबाजारला आली नाही, अनसिंगला भावाकडे उतरली. भाऊ ग्यानबा शेती करायचा. त्याचा निरोप आला तसा उकंडराव इस्त्रीचा शर्ट घालून, घड्याळ बांधून निघाला आणि मला सोबत घेतलं. एस. टी.त तो म्हणाला, "न्याले आली असन मले." मी खिडकीबाहेर पाहिलं.

अंगणात बाज टाकली होती. अंजनाने जयभीम केला, चहा दिला आणि चहा संपायच्या आत विषय काढला.

"मले फारकती पायजे," ती म्हणाली. "मी भांडाले आली नाई. तुमी तुमचा संसार मांडला, बरं झालं. पण तिथं दर कागदावर लिवा लागते, लग्न झालं का, नवरा कोठी राह्यते, काय करते. अकरा वर्षं लिवून राह्यली मी. आता मले खरं लिवू द्या."

उकंडरावाने बशी खाली ठेवली. त्याला वाईट वाटलं असावं असं मला क्षणभर वाटलं.

"अन घराचं काय?" त्याने विचारलं.

"कोणत्या घराचं?"

"विलायतच्या. अर्धं माझं हाय."

ग्यानबा गोठ्याकडून येत होता, तो तिथेच थांबला. "गुरुजी," तो म्हणाला, "त्या घराची एक ईट तरी तुमी पायली का?"

"इटेचं सोड. तिले जाऊ कोणं देल्लं? मी देल्लं. मी जाऊ नसतं देल्लं तर घर झालं असतं का?"

माणसाने काहीच केलेलं नसलं की त्याचा हिशोब खोडून काढणं फार अवघड जातं.

अंजना शांत होती. "इथलं घर, छप्पर, रेडिओ, जे धाडलं ते सगळं तुमचं," ती म्हणाली. "त्यातलं मले काई नको. तिथलं घर माझ्या रातपाळ्यांचं हाय. ते देणार नाई."

"मंग मी सही देणार नाई."

वकील वाशिमचे केले, नेमीचंद वकील. दोघांचे मिळून एकच. त्यांनी आम्हाला बसवून कायदा समजावला. नुकताच, वर्षभरापूर्वी, कायदा बदलला होता. नवरा-बायको दोघं राजी असतील आणि वर्षभर वेगळे राहिले असतील, तर दोघांच्या अर्जावर घटस्फोट मिळतो, मात्र अर्ज केल्यावर सहा महिने थांबावं लागतं आणि मग दोघांना पुन्हा सही द्यावी लागते. आम्ही बौद्ध असलो तरी हाच कायदा लागतो.

"वर्षभर वेगळे राहिल्याचा पुरावा?" वकिलांनी विचारलं.

"मधात समुद्र हाय," अंजना म्हणाली.

उकंडरावाला कायद्यात रस नव्हता, घरात होता. "वकीलसाहेब, कोर्टातून ते घर जप्त करता येते का? अर्धं?"

नेमीचंद वकिलांनी चष्मा काढला. "गुरुजी, आपलं कोर्ट अकोल्याचं. अकोल्याचा बेलिफ नॉटिंगहॅमला कोणत्या यष्टीनं जाईल?"

"म्हंजे कोर्ट काईच करत नाई?"

"परदेशातल्या जागेवर आपल्या कोर्टाचा हुकूम चालत नाही. तिथल्या कोर्टात जा. नाहीतर आपसात ठरवा. आपसात जे ठरेल ते मी लिहून देतो."

मग ते अंजनाकडे वळून हळूच म्हणाले की गुरुजींच्या घरी जी पाहुणी आहे, तिच्याबद्दल जिल्हा परिषदेला एक अर्ज टाकला तर गुरुजी उद्या सकाळी सही देतील. हळूच म्हणाले, पण खोली लहान होती. उकंडरावाच्या मानेवर घाम आला.

अंजनाने मान हलवली. "त्यांची नोकरी खाऊन मले काय भेटन? त्या बाईच्या पोटावर काहून पाय देऊ?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस सही करेल. पण आपल्यावर दया झाली हे कळायला जे लागतं ते उकंडरावाकडे नव्हतं. बायकोने धमकी दिली नाही, ह्याचा अर्थ त्याने असा लावला की तिची बाजू लंगडी आहे.

ह्या वेळी अंजनाने पिशवीतून घराचा कागद काढला. घर किती आहे, कोणाच्या नावावर आहे, हे वकिलांना दिसावं म्हणून तिने तो आणला होता. वकील फोनवर बोलायला आत गेले आणि उकंडरावाने कागद माझ्यापुढे केला. इथे माझे छत्तीस मार्क कामाला आले. कागदावर घराच्या वर्णनात एक शब्द होता, सेमी-डिटॅच्ड. मी वकिलांच्या कपाटातला शब्दकोश घेतला. सेमी म्हणजे अर्ध. डिटॅच्ड म्हणजे अलग, विभक्त.

"अर्ध-विभक्त घर," मी वाचलं.

उकंडराव उभा राहिला. "म्हंजे वाटणी झालेलीच हाय."

"तसं नसन," मी म्हटलं, पण मला तरी कुठे ठाऊक होतं?

"तसंच हाय. दोन दारं काहून हायेत, आता समजलं. अर्धं विभक्त करून ठेवलं हाय अन आपल्याले सांगतलं नाई."

अंजनाने कपाळाला हात लावला. मग समजावलं, एकदा नाही, तीनदा. तिकडे दोन घरं एका भिंतीला पाठ लावून बांधतात. डावं तिचं. उजव्या घराशी तिचा काही संबंध नाही, त्याचा मालक दुसराच कोणी आहे, आणि त्यात मिसेस हॉब्ज नावाच्या विधवा म्हाताऱ्या बाई भाड्याने राहतात. फोटोतली बाटलीवाली ती हीच.

"मंग ती कामवाली नाई?" उकंडरावाने विचारलं.

"शेजारीण हाय."

उकंडराव माझ्याकडे पाहून हसला. बाहेर आल्यावर म्हणाला, "फारकती मागणारी बाई नवऱ्याले खरं सांगन का? भाडेकरू हाय म्हणते, म्हंजे भाडं घेत असन."

तरी पहिल्या अर्जावर त्याने सही केली. सहा महिने आहेत, तोवर घराचं ठरवू, नाहीतर दुसरी सही देणार नाही, असं त्याचं गणित. अंजना रजा संपवून परत गेली. तिला जाऊन आठ दिवस झाले नसतील, उकंडराव पोस्टात आला, कोरा कागद घेऊन.

"त्या म्हातारीले पत्र लिहाचं हाय."

मी लिहिलं, पत्ता अंजनाचाच, वर नाव मिसेस हॉब्ज यांचं. का लिहिलं, असं मला पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. छत्तीस मार्कांवर विलायतेला पत्र लिहायची संधी माणसाला कितीदा येते? पत्रात मजकूर एवढाच होता की, आपण ज्या उजव्या भागात राहता तो भाग माझ्या वाटणीचा आहे, तरी यापुढे सर्व व्यवहार माझ्याशी करावा, कळावे, उकंडराव अंभोरे, प्राथमिक शिक्षक.

दीड महिन्याने उत्तर आलं. निळं पाकीट, म्हाताऱ्या माणसाचं थरथरतं अक्षर. मी ते दोन दिवस शब्दकोश घेऊन लावलं. मिसेस हॉब्ज यांनी लिहिलं होतं की पत्र मिळून आनंद झाला. ह्या घरात राहून त्यांना सात वर्षं झाली, पण मालकाकडून आलेलं हे पहिलंच पत्र. मागच्या खोलीचं छप्पर गळतं. समोरची खिडकी बंद होत नाही. संडासाच्या टाकीची साखळी तुटली आहे. धुराड्यात पाखरांनी घरटं केलं आहे, पण त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. शेवटी विचारलं होतं की तुमच्याकडे हवा कशी आहे आणि शाळेत मुलं किती आहेत.

उकंडरावाने ते पत्र हातात घेतलं तेव्हा त्याचा चेहरा परीक्षेत पहिला आल्यासारखा झाला. त्याला ते गळणारं छप्पर ऐकू आलंच नाही. त्याने एकच शब्द ऐकला, मालक.

"पाय भिवाजी," तो म्हणाला, "इंग्रजाच्या बाईनं स्वताच्या हातानं लिवून देल्लं."

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. दीडशे वर्षं इंग्रजांनी आपल्यावर राज्य केलं आणि आता एक इंग्रजीण शेलूबाजारच्या मास्तराची भाडेकरू आहे. चहाच्या टपरीवर उकंडरावाला बाकावर जागा होऊ लागली. हेडमास्तर त्याला अहोजाहो करू लागले. फक्त कस्तुराबाईवर काही परिणाम झाला नाही.

"तिकडचं छप्पर गयते म्हणते," ती मला म्हणाली. "इकडचं गेल्या सालपासून गयून राह्यलं. मी बी एखादं निळं पाकीट धाडू का त्याईले?"

उकंडरावाने उत्तर पाठवलं. मास्तराला येतं तसं: आपला अर्ज मिळाला, पावसाळ्यापूर्वी पाहणी करण्यात येईल. मी त्याचं इंग्रजी केलं. त्यावर मिसेस हॉब्ज यांचं उत्तर आलं की आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी असा काळ नसतो, पण आपण चौकशी केली ह्याबद्दल आभार. शाळेत एकशे बारा मुलं आहेत हे वाचून त्या चकित झाल्या होत्या. त्यांनी वर्गात एखादं चित्र लावायला म्हणून बर्फाच्या डोंगराचं कार्ड पाठवलं होतं. उकंडरावाने ते चौथीच्या वर्गात लावलं आणि खाली लिहिलं, आमच्या घराजवळील देखावा. नॉटिंगहॅमजवळ बर्फाचे डोंगर आहेत की नाहीत, कोणी विचारलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये अंजना दुसऱ्यांदा रजा काढून आली. आम्ही अकोल्याला कोर्टाच्या आवारात भेटलो. मला वाटत होतं, उकंडराव आता अख्खं घर मागेल. पण मालकी मिळालेला माणूस उदार होतो.

"डावा भाग तुले," तो अंजनाला म्हणाला. "उजव्याचं मी पायतो. लिहून दे."

"उजवा माझा नाईच, तर मी काय लिहून देऊ?"

"तेच लिहून दे. तुझा नाई म्हणून."

अंजनाने वकिलांकडे पाहिलं. नेमीचंद वकिलांचा चेहरा कोर्टात लागतो तसा कोरा होता. "लिहिता येईल," ते म्हणाले. "बाईंचा उजव्या भागावर कोणताही हक्क नाही आणि पुढे राहणार नाही. गुरुजींचा डाव्या भागावर कोणताही हक्क नाही आणि पुढे राहणार नाही. ह्यात खोटं काही नाही."

"काईच नाई," अंजना म्हणाली.

तसं लिहिलं. उकंडरावाने ते कलम दोनदा वाचलं आणि अशी सही केली की कागद फाटतो की काय असं वाटलं. जज्जसाहेबांनीही ते वाचलं.

"ह्या उजव्या भागाचा मालक कोण?" त्यांनी विचारलं.

"साहेब, तो प्रश्न मिटला हाय," उकंडराव म्हणाला.

साहेबांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी पंख्याकडे पाहिलं. अर्ज मंजूर झाला.

बाहेर उकंडराव पेढे घ्यायला गेला तेव्हा मी अंजनाजवळ होतो. मी तिची माफी मागितली, शब्दकोशाबद्दल आणि पत्रांबद्दल.

"भिवाजीभाऊ, तिनं तुमचं पयलं पत्र आलं त्या दिवशीच मले आणून दाखवलं," अंजना म्हणाली. "मी तिले सगळं सांगतलं. फारकतीचं बी, अर्ध्या घराचं बी. लय हसली. मी म्हणलं, तुमी लक्ष देऊ नका. तर ती म्हणे, माह्या खऱ्या मालकानं सात सालात एक ओळ लिवली नाई. ह्या माणसानं निदान लिवली तरी. मी उत्तर देणार."

"मंग छप्पर, साखळी, ते?"

"ते खरं हाय. छप्पर गयतेच."

तिने पर्समधून पेन काढलं. कोर्टाच्या भिंतीला टेकून परतीच्या प्रवासाचा कुठलासा फॉर्म भरला. एका ठिकाणी क्षणभर थांबली, मग एक शब्द लिहिला आणि फॉर्म घडी करून ठेवला. कोणता शब्द ते मी पाहिलं नाही. पण तिने खांदे सैल सोडले ते पाहिलं. अकरा वर्षं डोक्यावर पाटी वाहून आणल्यावर बाई सोडते तसे.

पेढे आले. उकंडरावाने तिलाही दिला, तिने खाल्ला. मग ती अनसिंगच्या बसमध्ये बसली. त्यानंतर ते दोघं भेटले नाहीत.

पुढल्या महिन्यात विहारात उकंडरावाचं आणि कस्तुराबाईचं लग्न लागलं. लोकांनी नवरीला नव्याने ओळखल्यासारखं केलं. कस्तुराबाईने पहिलं काम काय केलं असेल तर इथल्या छपराची कौलं बदलून घेतली, आणि रेडिओ विकून घेतली. ह्या वेळी परवानगी विचारली नव्हती.

विलायतेची पत्रं चालू राहिली. दर दीड-दोन महिन्यांनी निळं पाकीट येई. उकंडराव मधल्या सुट्टीत पोस्टात येऊन बसायचा. छपराबद्दलच्या ओळी कमी होत गेल्या. मिसेस हॉब्ज त्यांच्या नवऱ्याबद्दल लिहायच्या, तो कोळशाच्या खाणीत होता. गुडघ्यांबद्दल लिहायच्या. उकंडराव इकडून शाळेबद्दल लिहायचा, तुरीच्या पिकाबद्दल, कस्तुराबाईच्या रागाबद्दल. पत्राच्या शेवटी मात्र एक हुकूम असायचा, छपराची दुरुस्ती तातडीने करण्यात यावी. तो कोणाला हुकूम करत होता हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. अकरा वर्षांत त्याने बायकोला जेवढी पत्रं लिहिली नव्हती, तेवढी ह्या बाईला आठ महिन्यांत लिहिली. हे मी त्याला एकदा बोलून दाखवलं. तो तिकीट चाटून पाकिटावर लावत बसला.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये जे पाकीट आलं त्यावर अंजनाचं अक्षर होतं. मिसेस हॉब्ज वारल्या होत्या. थंडी मोठी पडली, छातीत कफ झाला, अंजनाच्याच वॉर्डात होत्या. तुमचं शेवटचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, अंजनाने लिहिलं होतं. कस्तुराबाईने कौलांसाठी रेडिओ विकला तो भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. उकंडरावाने शोकसभा घेतली. एकशे बारा पोरं मैदानात उभी. हेडमास्तरांनी विचारलं, कोण वारलं? उकंडराव म्हणाला, आमच्या एक बाई. मला वाटलं, भाडेकरू म्हणेल. म्हणाला नाही. त्याने भाषण करायचं ठरवलं होतं, कागदही आणला होता. मी मागे उभा राहून ऐकत होतो. दोन ओळी वाचल्या, हॉब्जबाई ह्या स्वभावाने गरीब होत्या, पाखरांबद्दल त्यांची तक्रार नव्हती, आणि तो थांबला. मग म्हणाला, दोन मिनिटं उभे राहा. मुलं आधीच उभी होती.

त्या आठवड्यात त्याने अंजनाला स्वतःच्या हाताने, मराठीत, पत्र लिहिलं. माझी गरज नव्हती, तरी मला वाचायला दिलं. शेवटपर्यंत जवळ कोण होतं, फार त्रास झाला का, मातीला किती माणसं होती, एवढंच विचारलं होतं. घराचं नाव नव्हतं.

अंजनाचं उत्तर आलं, तिने लिहिलं होतं: मातीला पाच माणसं होती, त्यात मी एक. मिसेस हॉब्ज यांचा त्रास लवकर संपला. उजव्या घराच्या मालकाने आता छप्पर शाकारून घेतलं आहे आणि लुधियानाकडचं एक कुटुंब राहायला आलं आहे, लेकरं गोड आहेत. तुमचा पत्ता मी त्यांना दिलेला नाही.

उकंडरावाने पत्र घडी करून खिशात ठेवलं. तो माझ्या टेबलासमोर बसला, मी टपालावर शिक्के मारत होतो.

"छप्पर झालं म्हणते," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"बरं झालं. उशीर केला, पण झालं."

मग त्याने घड्याळात पाहिलं, तिसऱ्या तासाला चौथीचं गणित होतं, आणि तो शाळेकडे गेला.